चार फुटांचा बोळ

मोजणीदाराच्या घरातून बाहेर पडायला दोन वाटा होत्या, आणि त्यातली एक त्याच्या बायकोसाठी नव्हती.

पुढचं दार उघडलं की लगेच नऊ पायऱ्या आणि खाली रस्ता. सगळी रांगच उतारावर होती. बारा घरं, पुढून उंच आणि मागून जमिनीलगत. मागे स्वयंपाकघराचं दार बागेच्या पातळीला होतं, आणि बागेतून घराच्या भिंतीला धरून एक बोळ हळूहळू उतरत रस्त्याला मिळायचा. रुंदी चार फूट. एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला झुडपांचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे बारा नंबर, म्हणजे सिस्टरांचं घर. बाग संपते तिथे पाणीपुरवठ्याची दहा फूट उंच भिंत. ती वळून सिस्टरांच्या पलीकडच्या बाजूलाही यायची आणि तिथे रांग संपायची.

रोज पाच वाजता मोजणीदार बायकोची व्हीलचेअर या बोळातून खाली न्यायचा, रस्त्याने चौकापर्यंत आणि परत. सहा वर्षांपूर्वी तिची डावी बाजू गेली तेव्हा खुर्ची मिळायला अकरा महिने लागले होते. ते अकरा महिने ती खिडकीतून पाणीपुरवठ्याची भिंत बघत पडून होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर दिवसाला हजार माणसांशी बोललेली बाई. शेवटी शेवटी ती फक्त हो आणि नाही म्हणायची, मग तेही मानेनंच. पहिल्यांदा खुर्चीतून रस्त्यावर आली त्या दिवशी ती म्हणाली, "किती माणसं आहेत हो अजून." मोजणीदारानं तोंड फिरवून चाकाचा ब्रेक नीट आहे का ते बघितलं होतं. ब्रेक नीटच होता.

सिस्टर रोज सकाळी सातला यायच्या. इस्पितळातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण सातचा ठोका सुटला नव्हता. कुंपणात वरच्या टोकाला एक फट होती, येऊन-जाऊन पडलेली, तिच्यातून त्या थेट स्वयंपाकघराच्या दारात यायच्या. पाणी तापलंय का विचारायच्या, पेलाभर चहा उभ्यानं प्यायच्या आणि वहिनीला अंघोळ घालायच्या. हे काम मोजणीदाराला जमत नव्हतं. एकदा त्यानं करून बघितलं होतं आणि दोघंही न्हाणीघरात पडली होती.

तर त्या दिवशी मोजणीदार कुंपण कातरत होता. आपल्या बाजूचं आपण कातरायचं, असा दोन्ही घरांचा चौतीस वर्षांचा रिवाज होता. फटीतून सिस्टरांनी डोकं काढलं.

"दादा, जरा इकडे या. वहिनीसमोर नको."

"झालं काय?"

"घर विकतेय मी."

मोजणीदारानं कातर मिटली.

"आक्काचे डोळे गेले जवळजवळ," सिस्टर म्हणाल्या. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, दिवसभराच्या प्रवासावर एकटी राहणारी. "परवा तिनं चहात मीठ घातलं. आणि प्यायलीसुद्धा. म्हणते, वाया कशाला घालवायचा. आता सांगा, हिला एकटी कशी ठेवू? हे विकून तिच्या गावात तळमजल्यावर दोन खोल्या मिळतात. बघून ठेवल्यात."

"मग जा की. कोण अडवतंय?"

"तुमचं कुंपण अडवतंय," सिस्टर म्हणाल्या आणि हसल्या. "दातांचा डॉक्टर घेतोय घर. दुमजली दवाखाना बांधायचाय त्याला. त्याला म्हणे पुढून पन्नास फूट लागतात, नाहीतर परवानगीच नाही. त्याच्या इंजिनियरनं काल टेप लावला. शेहेचाळीस फूट साडेनऊ इंच. मी म्हटलं, बाळा, तुझा टेप धुवून आटला असेल."

मोजणीदारानं कातरीला चिकटलेली पानं काढली.

"मी सांगितलं त्याला, शेजारी मोजणीदारच राहतात, ही सगळी रांग त्यांनीच मोजलीय, दगड त्यांनीच लावलेत. तर म्हणतो, मग तर सरकारी मोजणी करायलाच हवी. अर्ज दिलाय. तुम्हाला नोटीस येईल, म्हणून आधी सांगितलं. रागावू नका."

"रागवायचं काय त्यात."

"तेच म्हटलं मी. मोजू देत. पन्नास निघतील."

पन्नास निघणार नव्हते. शेहेचाळीस फूट साडेनऊ इंच हा आकडा मोजणीदाराला चौतीस वर्षं पाठ होता.

त्या काळी मोजणी साखळीनं व्हायची. शंभर फुटी लोखंडी साखळी, कडीत कडी. वर्षभर दगडधोंड्यातून ओढली की कड्या फाकतात आणि साखळी लांबते. म्हणून कचेरीच्या अंगणात शंभर फुटांवर दोन खुंट्या पक्क्या ठोकलेल्या असायच्या. रोज सकाळी निघण्यापूर्वी साखळी त्यांना लावून बघायची आणि वहीत तसं लिहायचं, हा पहिला नियम. या रांगेच्या दिवशी मोजणीदारानं तो पाळला नाही. उशीर झाला होता, ऊन चढायच्या आत काम उरकायचं होतं, आणि साखळी दोन-तीन महिन्यांपूर्वीच बघितली होती. चौकाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून त्यानं पन्नास-पन्नास फुटांवर दगड लावले, माणसांनी मागोमाग ते सिमेंटात बसवले. अकरावा दगड बसला आणि बाराव्या प्लॉटला साखळी पुरण्याऐवजी उरली. समोर पाणीपुरवठ्याची भिंत उभी होती आणि भिंत काही सरकणार नव्हती.

संध्याकाळी त्यानं अंगणात साखळी लावून बघितली. सात इंच लांब. प्रत्येक प्लॉटला साडेतीन इंच जास्त गेले होते. एकेकाला कळणारही नाही इतके. सगळे मिळून शेवटच्या एकाच्या पदरातून कापले गेले होते. अकराव्या दगडाशी फरक होता तीन फूट अडीच इंचांचा.

दगड उपटायला हवे होते. पण दोन दिवसांनी प्लॉटांच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, मांडव घातला होता, मोठे पाहुणे येणार होते. त्यानं वहीत बाराव्या प्लॉटपुढे पन्नास लिहिलं आणि समोरच्या रकान्यात लिहिलं, 'साखळी तपासली, बरोबर.' समारंभ झाला की साहेबांना सांगू, असं ठरवलं.

कर्मचारी म्हणून त्याचीही एक चिठ्ठी होती. ती निघाली बारा नंबरची.

त्यानंतर त्यानं जे केलं ते करायला त्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अकरा नंबर एका तरुण नर्सला निघाला होता. एकटी मुलगी, हातात पिशवी, मांडवाच्या खांबाला टेकून उभी. तो तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, शेवटचं घर घ्या, एका बाजूला शेजार नाही, भिंतीची सावली आहे, तुम्हाला रात्रपाळीनंतर दिवसा झोपायला शांत. तिनं आनंदानं चिठ्ठी बदलून दिली. उन्हाळा तापला की सिस्टर अजूनही म्हणायच्या, दादा, ही सावली तुमच्या कृपेनं.

नोटीस आली. पंधरा दिवसांनंतरची तारीख होती. मोजणीदारानं टेप काढून बोळ पुन्हा मोजला, जणू चौतीस वर्षांत बोळ बदलला असेल. चार फूट. त्यातून तीन फूट अडीच इंच गेले की उरतात साडेनऊ इंच. खुर्ची सव्वीस इंची होती. साडेनऊ इंचातून एक मांजर गेलं असतं, तेही भिंतीला अंग घासत.

दुसऱ्या अंगाला तो जाऊन उभा राहिला. तिथे दहा नंबरच्या टेलरमास्तरांच्या कारखान्याची भिंत होती, मधे दीड फूट गटार. आतून तीन शिलाईमशीनांचा आवाज येत होता. मास्तर गळ्यात टेप घालूनच खिडकीत आले.

"काय दादा, गटार मोजताय?"

"मास्तर, तुमची ही भिंत दगडाच्या आत आहे का दगडावर?"

"दगडावर. सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही. तुमचा दगड म्हणून डोळे झाकून बांधली."

"समजा, दगडच चुकला असेल तर?"

मास्तरांनी खिडकीचा गज धरला. आत एक मशीन थांबलं.

"गिऱ्हाइकाचं माप चुकलं तर मी शिलाई उसवतो," ते म्हणाले. "दोन इंच आत सोडलेलेच असतात. भिंतीला शिलाई नसते, दादा. हे बारा नंबरचं काय चाललंय ते ऐकलंय मी. तुम्ही तीन फूट सोडायचे, मग माझ्याकडे मागायचे, मी नऊ नंबरकडे. चौकापर्यंत लोक एकमेकांच्या भिंती पाडत बसतील. आणि मधल्या काळात मी मशीनं कुठे ठेवू, तुमच्या डोक्यावर?"

"मी काही मागितलं नाही अजून."

"मागू नका. गटारात पाय जाईल, जरा सांभाळून."

मोजणीच्या दिवशी सकाळी नऊला कचेरीची गाडी आली. मोजणी अधिकारी म्हणून जो उतरला तो मोजणीदाराच्याच हाताखाली काम शिकलेला जुना उमेदवार. काटकुळा आणि सरळसोट, म्हणून कचेरीत त्याला फूटपट्टी म्हणत, आणि आता साहेब झाल्यावर तोंडावर कोणी म्हणत नसलं तरी नाव तेच होतं. त्यानं वाकून नमस्कार केला, तिकाटण्यावर मशीन चढवलं, चौकाच्या कोपऱ्यावर माणूस उभा केला. साखळी नाही, ओढाताण नाही. अर्ध्या तासात काम संपलं. मग त्यानं स्वतः बोळात येऊन भिंतीपासून साडेनऊ इंचांवर एक लाल खुंटी ठोकली आणि मोजणीदाराला बाजूला घेतलं.

"सर, तीन फूट अडीच इंच."

"हं."

"दगड हललेला नाही. सिमेंट जुनंच आहे. मी उकरून बघितलं."

"नाही हलला."

फूटपट्टीनं बगलेतून एक पिवळी पडलेली वही काढली. मोजणीदारानं ती लांबूनच ओळखली. अक्षर त्याचंच होतं, तरुण, टोकदार, घाईचं.

"नियम तुम्हाला माहीत आहे, सर. मूळ दगड जागेवर असेल, आणि लावणारा जिवंत असून लेखी देईल की साखळी तपासून नियमाप्रमाणे लावला, तर मशीन काहीही म्हणो, दगड कायम. लेखी नसेल तर मशीनची रेघ. वहीत तुम्ही तेव्हा लिहिलेलंच आहे. तेच वाक्य आज जबाबात पुन्हा लिहायचं, खाली सही."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर ही खुंटी." फूटपट्टीनं खुंटीकडे बघितलं नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत मोजणीदाराची बायको खुर्चीत बसली होती. "काकू कशा आहेत?"

बोळाच्या खालच्या तोंडाशी टेलरमास्तर, नऊ नंबरवाले, आठ नंबरवाले असे पाच-सहाजण जमले होते. फटीतून सिस्टर आल्या. पदराला हात पुसत त्या थेट मोजणीदारासमोर उभ्या राहिल्या.

"दादा, हे इंच-फूट मला कळत नाही. तुम्ही एवढंच सांगा, साखळी नीट तपासली होती ना तेव्हा? तुम्ही हो म्हणालात की माझं काही म्हणणं नाही. त्या इंजिनियरला सांगते, तुझा टेप घाल खड्ड्यात."

"दादांचं काम म्हणजे काम," खालून मास्तर म्हणाले. "विचारायचं काय त्यात."

मोजणीदारानं खुंटी बघितली, भिंत बघितली. अकरा महिने त्याला आठवले. तिच्या मानेची ती हालचाल आठवली.

"तपासली होती," तो म्हणाला.

"झालं तर मग," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं वही गुडघ्यावर ठेवून जबाब लिहिला. तेच वाक्य, तीच सही. फूटपट्टीनं खुंटी हलवून हलवून उपटली. जमिनीत बोटभर खोल भोक राहिलं. मास्तरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

दहाव्या दिवशी दातांच्या डॉक्टरनं नकार कळवला. सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीचे केस विंचरता विंचरता सांगत होत्या. "असू दे. दुसरं गिऱ्हाईक येईल. तोवर आक्काला फोनवरून सांगते, मीठ कुठल्या डब्यात आणि साखर कुठल्या डब्यात. ती म्हणते, डबा चाटून बघते ना मी." त्या हसल्या. मोजणीदाराची बायको हसली नाही.

त्या संध्याकाळी पाचला त्यानं खुर्ची दाराशी आणली.

"आज नको," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही ती तेच म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग?"

ती भिंतीकडे बघत होती. "आपल्याला बारा नंबर निघाला होता."

"अगं, कधीची गोष्ट."

"चिठ्ठी माझ्याच हातात होती. मी म्हटलं, शेवटचं घर, सावली आहे, बरं झालं. तुम्ही म्हणालात, सावली कसली, ओल येते तिथे, बदलून घेतो."

"येतेच ओल."

"आणि सिस्टरांना म्हणालात, सावली असते." ती थांबून थांबून बोलत होती, जिभेची डावी बाजू तिला अजून पुरती साथ द्यायची नाही. "माझी नोकरी होती ती. तारेच्या दोन्ही टोकांचं ऐकू यायचं. तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. म्हटलं, नवरा हुशार आहे. त्या दिवशी खिडकीतून तीन फूट अडीच इंच ऐकलं तेव्हा जोडलं गेलं."

मोजणीदार खुर्चीच्या मुठी धरून उभा होता. खुर्ची रिकामी होती.

"मी तुझ्यासाठी सही केली," तो म्हणाला.

"आता केलीत ती माझ्यासाठी. चौतीस वर्षांपूर्वी मी चालत होते."

मोजणीदारानं चाकाचा ब्रेक लावला.

"सिस्टरांना सांगा," ती म्हणाली. "मग बाहेर न्या मला."

"सांगितलं तर बाहेर न्यायला वाटच उरणार नाही."

"ते मला कळतं. खुर्चीत मी बसते, तुम्ही नाही."

चौथ्या दिवशीही ती गेली नाही, पाचव्या दिवशीही नाही. बोलायचीही कमी. सहाव्या दिवशी तिनं चहाला मानेनं नाही म्हटलं, आणि मोजणीदार चपला घालून कचेरीत गेला.

फूटपट्टीनं त्याला बसायला स्वतःची खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

"फाइल बंद झाली, सर."

"उघड."

"मला नाही उघडता येत. बारा नंबरनं अपील करायला हवं, साठ दिवसांत. त्याला तुमचा कागद जोडायचा, की साखळी तपासली नव्हती आणि जबाब खोटा दिला. मग रेघ बदलेल. फक्त तुमच्या आणि त्यांच्या मधली. मास्तरांनी वगैरे काही मागितलेलं नाही, त्यांना हात लागणार नाही."

"आणि मी थेट तुझ्याकडे दिला कागद तर?"

"तर मी घेणार नाही. त्याच साखळीनं त्या वर्षी आणखी तीन रांगा मोजल्यात. मला निवृत्तीला सात वर्षं आहेत." तो टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिला. "अंगणातल्या खुंट्या मी अजून काढू दिल्या नाहीत, सर. नवीन पोरं हसतात. तुम्ही शिकवलेलं बाकी सगळं विसरलो, ते विसरलो नाही."

बाहेर पडताना मोजणीदारानं अंगणात बघितलं. दोन्ही खुंट्या होत्या. एकीला कोणीतरी सायकल बांधली होती.

कागद त्यानं घरी बसून लिहिला. एका पानात बसला. तारीख, साखळी, सात इंच, तीन फूट अडीच इंच, चिठ्ठीची अदलाबदल. शब्द जास्त नाही, कमी नाही. मग फटीतून पलीकडे गेला. सिस्टर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हात पुसून चष्मा लावला आणि उभ्यानं वाचलं. मग ओट्यावर बसून पुन्हा वाचलं.

"म्हणजे हे अकरा नंबर माझं."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं. मांडवात माझ्याशी बोलायला आलात तेव्हा."

"हो."

"मला वाटलं होतं, किती भला माणूस आहे. अनोळखी मुलीच्या झोपेची काळजी करतो." त्यांच्या आवाजात चढ-उतार नव्हता, पेशंटचा ताप वाचून दाखवावा तसा. "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा हो म्हणालात."

"हा बोळ गेला तर ती—"

"बोळ गेला तर काय होतं ते मला सांगता? त्या अकरा महिन्यांत तिची पाठ कोण बघत होतं, चिघळू नये म्हणून?"

दोरीवरची चादर वाऱ्यानं दोघांच्या मधे आली. सिस्टरांनी ती बाजूला सारली.

"आता या कागदाचं मी काय करायचं?"

"अपील करा. साठ दिवसांची मुदत आहे, त्यातले सोळा गेले. माझी हरकत नाही. लेखी दिलंय मी."

"तुमची हरकत कशाला असेल? कोंडली जाणार वहिनी. कोंडणारी होणार मी. नाही दिला तर आक्का तिकडे चाचपडत मरणार, तेही माझ्याच डोक्यावर." त्यांनी कागदाची घडी घातली, मग घडीची घडी. "चौतीस वर्षं तुमच्याजवळ होतं. आज माझ्या हातात आणून ठेवलंत आणि मोकळे झालात."

"मी मोकळा नाही झालो, सिस्टर."

"नाही झालात तर बरंच आहे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी बायकोनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"कागदावर. सहीनिशी."

"काय म्हणाल्या?"

"ठरवतील म्हणाल्या." असं त्या म्हणाल्या नव्हत्या, पण दुसरं काय सांगणार.

तिनं चांगला हात पुढे केला आणि तो तिला खुर्चीत बसवून बाहेर घेऊन आला. फटीपाशी ती म्हणाली, "थांबा." पलीकडच्या स्वयंपाकघराची खिडकी लावलेली होती. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "चला." उतरताना डावं चाक खुंटीच्या भोकात गेलं आणि खुर्चीला हिसका बसला. त्यानं मनात म्हटलं, उद्या माती भरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो स्वयंपाकघराचं दार उघडून उभा राहिला. पाणी तापलेलं होतं, चहा ओतलेला होता. फटीतून कोणी आलं नाही. सात वाजून पाच मिनिटांनी पुढच्या दाराची घंटा वाजली.

त्या घंटेला गंज चढला होता, इतकी ती वाजत नसे. मोजणीदारानं जाऊन दार उघडलं. सिस्टर सगळ्यात वरच्या पायरीवर उभ्या होत्या, एक हात कठड्यावर, एक उजव्या गुडघ्यावर, दम लागलेला. आपल्या घरातून निघून, रस्त्याला वळसा घालून, नऊ पायऱ्या चढून त्या आल्या होत्या.

"सिस्टर, अहो मागून यायचं ना. गुडघा—"

"मागचं तुमच्या हद्दीत आहे," सिस्टर म्हणाल्या. "पाणी तापलंय का?"

त्या वहिनीजवळ गेल्या. आतून नेहमीसारखा आवाज येऊ लागला, हात वर करा, मान इकडे, आक्काचा फोन आला होता, असं. वहिनी काहीतरी बोलली आणि सिस्टर हसल्यासुद्धा. चहा मात्र पेल्यात तसाच राहिला. जाताना पिशवी उचलून त्या पुन्हा पुढच्या दारानंच गेल्या, एकेक पायरी, अंग तिरकं करून.

हे रोजचं झालं. मोजणीदारानं त्यांचा त्रास वाचावा म्हणून सकाळी पुढचं दार उघडंच ठेवून बघितलं. सिस्टर उघड्या दारातही थांबायच्या, घंटा वाजवायच्या आणि तो येईपर्यंत आत पाऊल टाकायच्या नाहीत. कुंपणातल्या फटीत दोन्हीकडून कोवळ्या फांद्या वाढायला लागल्या. कातर त्याच्या हातात असायची, पण ती फट त्याच्या बाजूची का त्यांच्या, हे त्याला ठरवता येईना. त्या भोकात त्यानं मातीही भरली नाही. रोज पाचला डावं चाक तिथे हिसका द्यायचं. बायको रोज जायची. प्रत्येक फेरी शेवटची असल्यासारखी चौकापर्यंतची एकेक खिडकी बघून घ्यायची.

कागद कुठे आहे हे त्याला माहीत होतं. सिस्टरांच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात, थर्मामीटरच्या नळीला लागून, घडीचा पांढरा कोपरा रोज दिसायचा. पिशवी खाली ठेवली की त्याची नजर आधी तिथे जायची. कोपरा दिसला की त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच दिवसभराचं तोंड कडू व्हायचं. विचारायची सोय नव्हती. द्या म्हणण्याचा हक्क त्यानं आधीच वापरला होता, आणि देऊ नका म्हणण्याचा त्याला कधी नव्हताच.

मुदतीच्या एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी पाऊण तास आधीच तो उठला. पाणी ठेवलं. बायको जागी होती, छताकडे बघत होती.

"किती राहिले?" तिनं विचारलं.

"एकवीस."

सातला घंटा वाजली. त्यानं जाऊन दार उघडलं. सिस्टरांनी पिशवी दाराशी ठेवली, गुडघा दाबत क्षणभर वाकल्या, मग त्याच्याकडे न बघता सरळ झाल्या. कोपरा दिसत होता.

"तापलंय," तो म्हणाला, त्यांनी विचारायच्या आधी.

त्या आत आल्या. त्यानं दार लावून घेतलं.